आरशातला पंख

सरांनी आयुष्यात एकही विमान बांधलेलं नव्हतं. मात्र त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांनी संगणकाच्या पडद्यावर इतकी विमानं बांधली होती, की ती सगळी एकदम उतरायची म्हणाली असती तर धावपट्ट्या कमी पडल्या असत्या. पडद्यावरच्या विमानाचा मोठा गुण असा, की ते पडत नाही. फार तर अडकतं. मग कुणीतरी संगणक बंद करून पुन्हा चालू करतो आणि विमान होतं तिथं, होतं तसं उभं राहतं. इतकी वर्षं असा बिनधोक व्यवहार केल्यावर माणसाला स्वतःबद्दल जे वाटायला लागतं, ते सरांना वाटत होतं.

त्यामुळे यंदा शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एका आसनाचं छोटं विमान नुसतं काढायचं नाही, तर बांधायचं आणि उडवायचंसुद्धा, असं कॉलेजनं ठरवलं तेव्हा सर्वांत आधी हो म्हणाले ते सरच. त्याला एक छोटंसं कारण होतं. त्यांच्या खोलीच्या दारावर ‘प्रभारी विभागप्रमुख’ अशी पाटी होती, आणि तिच्यातला पहिला शब्द त्यांना दातात अडकलेल्या काडीसारखा सलत होता. पाहुण्यांसमोर विमान उडालं की ती काडी निघेल, असं प्राचार्यांनी सुचवलं होतं. प्राचार्य कधीच काही सांगत नसत, सुचवत.

मुलांनी कामं वाटून घेतली आणि कामांवरून एकमेकांना नावं ठेवली. चाकं करणारा तो चाक्या. शेपटीकडचा भाग करणारा तो शेपटी; वर्गात सगळ्यांत मागे बसत असल्यामुळे त्याला ते नाव दुहेरी शोभलं. आणि पंखाच्या आतल्या बरगड्या करणारी मुलगी ती बरगडी. पंखाला आतून माशासारख्या बरगड्या असतात, आणि त्या सगळ्या एका लांब तुळईवर ओवलेल्या असतात. विमान हवेत असतं तेव्हा भार पेलते ती ही तुळई, आणि सगळ्यांत जास्त पेलते ती मुळाशी, जिथं पंख धडाला जोडलेला असतो. हे सगळं बरगडीकडे होतं. ती अंगानंही नावासारखीच होती, त्यामुळे नाव इतकं चिकटलं की तिच्या आईनं एकदा लॅबमध्ये फोन करून खरं नाव तीनदा सांगून पाहिलं, आणि शेवटी वैतागून, ‘बरं, बरगडी आहे का?’ असं विचारलं.

बरगडी फार बोलायची नाही. शंका असली तरी बाकीचे बाहेर पडेपर्यंत थांबायची आणि मग विचारायची. सरांना हा तिचा गुण वाटायचा.

संगणकाला द्यायच्या हुकमांपैकी सरांचा आवडता म्हणजे मिरर, आरसा. डावा पंख जीव लावून काढा, मग एक कळ दाबा, उजवा आपोआप उमटतो. डाव्यात जे बदलाल ते उजव्यात आपसूक बदलतं. हे सांगताना ते दर वर्षी म्हणायचे, “आरशातला माणूस वेगळा व्यायाम करत नाही.” मुलांनी हे वाक्य लॅबच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. त्याखाली शेपटीनं भर घातली होती, ‘आणि वेगळी परीक्षाही देत नाही.’

सरांचा दुसरा सल्ला होता लिंक तोडण्याचा. लॅबमधले संगणक म्हातारे होते. अख्खं विमान उघडलं की त्यांचे पंखे असे घोंघावायचे, जणू टेबलच उड्डाण करणार आहे. उजवा पंख डाव्याला बांधलेला असेपर्यंत संगणकाला दोघांचं ओझं वाहावं लागतं. लिंक तोडली की उजवा पंख सुटा होतो, फाइल हलकी होते, आणि तास संपायच्या आत काम होतं. सरांचा पहिला सल्ला आणि दुसरा सल्ला एका घरात नांदू शकत नाहीत, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कारण लिंक तोडल्यावर पुन्हा डाव्या पंखाला हात लावायची वेळच कधी आली नव्हती. तोवर गुण मिळून जायचे.

यंदा ती वेळ आली. संगणकानं भाराचं गणित केलं, तेव्हा दोन्ही पंखांची मुळं लाल दिसली. लाल म्हणजे इथं मोडेल. मुलांनी तुळई मुळाशी जाड केली, गणित पुन्हा चालवलं. पडद्यावर डावा पंख उघडलेला होता. तो हिरवा झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फायली कारखान्यात गेल्या, भाग कापून आले, जोडले गेले, वरून कातडी बसली, रंग चढला. मग डावा पंख शेडमध्ये उलटा टांगून त्यावर वाळूच्या पिशव्या रचल्या; हवा पंखाला खालून वर रेटते, ते ओझं असंच तपासतात. तो वाकला, कण्हला, पण टिकला. टाळ्या झाल्या. आता उजवा घ्यायचा का, असं चाक्यानं विचारलं. प्राचार्यांनी पाहुण्यांना तारीख कळवून टाकली होती. सरांनी आरशातल्या माणसाचं वाक्य ऐकवलं, आणि मुलं हसली, आणि विषय मिटला.

पंख तोलताना उजवा जरासा हलका भरला. सर म्हणाले, रंगाचा फरक. ते सगळ्यांना पटलं. पटायची सगळ्यांना घाई होती.

*

सोमवारी तास सुटल्यावर बरगडी थांबली.

“सर, मी रंगाचं वजन काढलं,” ती म्हणाली. “उजव्या पंखाला रंगाचा थेंबही लावला नसता, तरी एवढा फरक पडला नसता.”

मग तिनं फाइल उघडली आणि दोन्ही पंख मुळाशी कापून दाखवले, म्हणजे पडद्यावर. डावीकडची तुळई जाडजूड होती. उजवीकडची जुनीच होती, बारीक. पंख लाल दिसला होता त्या दिवशी होती तितकीच. आरशातल्या माणसानं व्यायाम केलेला नव्हता.

सरांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग शिक्षक जे करतात ते केलं. विचारलं, “लिंक कुणी तोडली?”

“मी,” बरगडी म्हणाली. “तुम्ही मागे उभे होतात.”

आजचा वार सांगावा तसं तिनं ते सांगितलं. त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. सरांना तो तास आठवला. संगणक अडकला होता, ते तिच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले होते, तोड की लिंक, वाट कसली बघतेस. आणि फाइल झटकन उघडल्यावर शाब्बासही म्हणाले होते.

“कुणाला बोललीस?”

“नाही.”

“बोलू नकोस. मी बघतो.”

‘मी बघतो’ हे सरांचं वाक्य कॉलेजात प्रसिद्ध होतं. लॅबचं गळणारं छत ते बघत होते, मोडकी खिडकी बघत होते, आणि त्या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं बघितल्या जाण्याची वाट बघत होत्या. पण छताखाली बादली ठेवता येते. या विमानात माणूस बसणार होता, आणि तो माणूस सरांच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ होता.

*

मेहुणा वैमानिक होता. फ्लाइंग क्लबात शिकाऊ पोरांना विमान शिकवायचा. त्याचं स्वतःचं शिक्षण सरांच्या घरी राहून झालं होतं. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर त्याच्या अंगाचा खड्डा अजून होता. मुलांच्या विमानासाठी वैमानिक कुठून आणायचा असा प्रश्न निघाला तेव्हा सरांनी ऐटीत सांगितलं होतं, घरचाच आहे. आणि मेहुण्यानं एका शब्दात हो म्हटलं होतं. शेवटची तयारी म्हणून तो आठवडाभर त्यांच्याकडेच मुक्कामाला होता.

त्या रात्री जेवताना त्यानं विमानाचा विषय काढला. सरांनी वाऱ्याचा काढला. शनिवारी, उड्डाणाच्या दिवशी, वारा बरा नसेल असं ते म्हणाले. मेहुणा म्हणाला, वारा माझ्याकडे लागला, तुम्ही पाहुण्यांच्या खुर्च्या बघा. मग सरांनी त्याला सर्दी झाल्यासारखी वाटते का असं विचारलं. त्याला झाली नव्हती. मग सरांनी वयाचा मुद्दा हळूच पुढे केला. मेहुणा त्यांच्यापेक्षा चांगला बारा वर्षांनी लहान असल्यामुळे तो मुद्दा ताटावरच थिजला.

“दाजी, तुम्हाला माझी काळजी वाटते की विमानाची?” मेहुण्यानं हसत विचारलं. मग बहिणीकडे वळला. “ताई, काही म्हण, दाजींनी तपासलंय म्हटल्यावर मी डोळे मिटून बसतो.”

“डोळे उघडे ठेवून बस,” ताई म्हणाली. “हे चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात.”

नंतर भांडी आवरताना तिनं सरांना हळूच विचारलं, काही झालंय का. सर म्हणाले, कुठं काय. बायकोनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिला माहीत होतं की हा माणूस ‘कुठं काय’ म्हणतो तेव्हा ते कुठं तरी आणि काही तरी असतंच. पण विमानाचं ते असेल असं तिला वाटलं नाही. तिला वाटलं, रक्तदाब.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सरांची गत झाली. सांगावं तर पाटीवरचा शब्द जन्मभर गळायचा नाही. उलट आणखी एखादा चढायचा. न सांगावं तर... त्यापुढे ते विचार करत नसत. त्यापुढे त्यांच्या मनाचा संगणक अडकायचा.

*

बुधवारी धावपट्टीवर चाचणी होती. उड्डाण नव्हे, विमान जमिनीवर पळवायचं आणि शेवटी चाकं हातभर वर उचलून पुन्हा टेकवायची. आदल्या संध्याकाळी सरांनी कागदावर गणित केलं. सरळ उडताना पंखाला विमानाचं वजन पेलायचं असतं, तेवढंच. भार वाढतो तो वळताना, किंवा वाऱ्याचा दणका बसला तर. हातभर उंचीवर कसलं वळण? बारीक तुळईसुद्धा एवढं सहज पेलेल. बहुतेक. सरांनी मुलांना आयुष्यभर शिकवलं होतं की गणितात ‘बहुतेक’ हा शब्द येत नाही. तो त्यांनी स्वतःपुरता आणला.

विमान पळालं, उचललं, धावपट्टीवरून तरंगत गेलं. मुलांनी शिट्ट्या मारल्या, चाक्या आपली चाकं हवेत पाहून रडला. सर धावपट्टीकडे पाठ करून चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर वर पाहिलं तर बरगडी विमानाकडे बघत नव्हती. त्यांच्याकडे बघत होती.

मेहुणा उतरला तो लहान पोरासारखा खूश होऊन. लोण्यासारखं चालतं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मग सरांना मिठी मारली. सरांना त्याच्या खांद्याचं हाड लागलं.

गुरुवारी बरगडी केबिनच्या दारात आली. आत आली नाही.

“सर, तुम्ही बघणार होतात.”

“बघतोय.”

“शनिवारी काका विमान वळवणार आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. माझ्या नावानं सांगेन, लिंक मीच तोडली म्हणून. चालेल ना?”

ती धमकी नव्हती. तिनं खरोखरच परवानगी मागितली होती, प्रयोगशाळेची किल्ली मागावी तशी. आणि सरांना पहिली गोष्ट जाणवली ती लाज नव्हती. चालेल असं म्हणून टाकावं असा मोह जाणवला. तो त्यांनी कसाबसा आवरला. पण त्या झटापटीत त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती इतकी छान होती की त्यांना चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

सांगायचं कशाला? उजव्या पंखावर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. खबरदारी म्हणून. तो मोडेल. मोडला की उड्डाण आपोआप रद्द. बोलायला पंख बोलेल, आपण काय बोलायचं? मेहुणा वाचला, विमान गेलं तर गेलं, आणि ऐन वेळी शंका येणारा दूरदर्शी माणूस कोण, तर आपण. सुंठेवाचून खोकला गेला.

ते लगोलग प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, माझं मन सांगतंय की उजवा पंखही तपासावा. प्राचार्यांनी आठवण करून दिली की आरशाचं वाक्य कुणाचं होतं. मग थोडी कुरकुर करून परवानगी दिली. संध्याकाळी घरी जाताना सर प्राचार्यांच्या भाषणातलं आपल्याबद्दलचं वाक्य मनात सुधारत होते. ‘प्रसंगावधान’ घ्यावं की ‘दूरदृष्टी’, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

*

शुक्रवारी शेडमध्ये पंख उलटा टांगला. मुलं रांगेत उभी राहून पिशव्या हातोहात पुढे देत होती. मेहुणाही आला होता. पिशव्या पंखावर ठेवायचं काम त्यानं आपणहून घेतलं. तान्ह्या मुलाला निजवावं तशी एकेक पिशवी तो अलगद ठेवत होता. शेपटी मोजत होता. मोजता मोजता डाव्या पंखानं पेललेल्या आकड्याच्या निम्म्यावर आला.

मोठ्या घरात कुणीतरी रागानं दार लावावं तसा आवाज झाला. पंख मुळाशी दुमडला आणि पिशव्या सरसरत जमिनीवर आल्या. एक फुटली. वाळू बराच वेळ गळत राहिली आणि तेवढाच आवाज शेडमध्ये होता.

प्राचार्य सर्वांत आधी भानावर आले. हे काय झालं, असं त्यांनी विचारलं.

“म्हणूनच मी म्हटलं होतं, एकदा बघू या,” सर म्हणाले. आवाज थोडा कापला, पण ते प्रसंगाला शोभून दिसलं. प्राचार्यांनी त्यांचा खांदा थोपटला. मग मुलांकडे वळून विचारलं, उजवा पंख कुणाकडे होता?

बरगडीनं हात वर केला. वर्गातल्यासारखा.

इथं सरांना बोलता आलं असतं. जागाही होती, प्राचार्य श्वास घेत होते. सर बोललेसुद्धा. म्हणाले, मुलगी हुशार आहे, चूक होते माणसाकडून, तिला फार बोलू नका. त्यांनी तिला मोठ्या मनानं क्षमा केली. बरगडीचा हात अजून वरच होता. तिनं तो सावकाश खाली घेतला.

मेहुणा या सगळ्यात नव्हता. तो मोडलेल्या जागेपाशी उकिडवा बसून दुमडलेल्या तुळईवरून बोट फिरवत होता. मग उठून, स्टँडवर ठेवलेल्या डाव्या पंखाच्या मुळाशी गेला, आत बोट घालून चाचपलं, आणि परत आला.

“दाजी, हे तुम्हाला कधी कळलं?”

“आत्ता. तुझ्याबरोबरच.”

मेहुण्यानं मान डोलावली. मग बरगडीकडे पाहिलं. “आणि तुला गं?”

बरगडीनं आधी मोडलेल्या पंखाकडे पाहिलं. तिला खोटं बोलायला वेळ लागत असावा, सवय नव्हती. शेवटी म्हणाली, “सोमवारी.”

“मग कुणाला सांगितलं नाहीस?”

तिनं सरांकडे एकदा पाहिलं आणि खाली वाळूकडे बघू लागली. वैमानिकाला धुक्यात एवढा दिवा पुरतो. मेहुणा हात झटकत उभा राहिला. बोटांना चिकटलेली वाळू जाईना, ती तो झटकतच राहिला.

“बुधवारी मी उडालो होतो,” तो म्हणाला. कुणाला असं नाही. चाक्या गोंधळून म्हणाला, हो ना काका, आम्ही शिट्ट्या मारल्या की.

*

पाहुण्यांना तारीख रद्द झाल्याचं कळवलं गेलं. कॉलेजच्या वार्तापत्रात सरांच्या दूरदृष्टीबद्दल चार ओळी आल्या. त्यांनी शेवटी जो शब्द निवडला होता, नेमका तोच. महिन्याभरात शिपायानं पाटीवरचा ‘प्रभारी’ खरवडून काढला. नीट निघाला नाही. ऊन तिरपं पडलं की अजून वाचता येतो.

बरगडीला प्रकल्पात जेमतेम पास होण्याइतके गुण मिळाले. तिनं तक्रार केली नाही. उजवा पंख तिनं नव्यानं काढायला घेतला आहे, मुळापासून, एकेक बरगडी हातानं बसवत. मिररची कळ ती दाबत नाही. फार वेळ लागतो. संगणक घोंघावत असतो. सर तासाला फेरी मारताना सगळ्यांच्या खुर्चीमागे थांबतात, तिच्या मागे थांबत नाहीत. फळ्यावरचं वाक्य कुणीतरी पुसलं. शेपटीनं लिहिलेली खालची ओळ मात्र राहिली आहे, आणि नवीन मुलांना तिचा अर्थ लागत नाही.

मेहुणा त्याच शुक्रवारी बॅग भरून गेला. बहिणीला त्यानं काही सांगितलं नाही. निदान सरांना तरी ती काही बोलली नाही. घरात सगळं पूर्वीसारखं आहे, फक्त ती आता सरांना ‘काही झालंय का’ असं विचारत नाही.

परवा फोन वाजला तेव्हा तिचे हात ओले होते, म्हणून सरांनी उचलला. पलीकडे मेहुणा होता. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकून सरांना बरंच काही बोलावंसं वाटलं. त्यांनी घसा खाकरला.

“सर,” मेहुणा नम्रपणे म्हणाला, “जरा ताईला देता का?”

आतून बायकोनं विचारलं, कुणाचा आहे? सरांना पटकन नातं सांगता आलं नाही.